ओल्या काड्या

शिंत्रे डॉक्टरांच्या बाईंनी रेकॉर्ड प्लेअर विकायला काढला
तेव्हा मीच गेलो, राजारामपुरी, नववी गल्ली.
पट्टा तुटलेला, सुई शाबूत.
खालच्या कप्प्यात नाट्यगीतांच्या तबकड्या
आणि त्यांच्यामध्ये दाबून बसलेली एक,
जिच्या खोक्यावर कुंडीचा गोल डाग.
‘ती होय,’ बाई म्हणाल्या,
‘ती मी मोगऱ्याखाली ठेवायची. घ्या, तिचे पैसे नकोत.’

डब्लिन, एकोणऐंशी.
गोदीच्या भिंतीला टेकलेली चार पोरं,
चौघांत मिळून एक बरा कोट.
नाव, द वेट मॅचेस.
पुतणी म्हणाली, काका, म्हणजे ओल्या काड्या.
म्हटलं, काय लगा ही माणसं,
पेटायच्या आधीच सांगून मोकळी.

पट्टा बाजारात मिळेना.
सायकलची ट्यूब कातरली, लेथवर नवी कप्पी काढली,
ती केसभर जाड राहिली.
त्यामुळे माझ्या दुकानात
ती पोरं मुळापेक्षा जरा घाईत गातात,
जणू शेवटची एसटी चुकेल.

सुरुवातीला कुणीतरी चारपर्यंत ओरडून मोजतं
आणि मग साचा फोडल्यासारखा आवाज,
घणाचा, वाळूचा, ग्राइंडरखाली तापल्या बिडाचा.
गाणारा सुरात नाही.
त्याला ते माहीत आहे,
आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.
उद्यमनगरात तीस वर्षं काढलेल्या माणसाला
हे परकं कसं वाटणार?

तिसऱ्या गाण्यात मात्र माझा कान अडखळला.
गिटारवाला एका बोटानं काहीच वाजवत नव्हता.
जिथं चार बोटं पडायला हवीत तिथं तीन,
आणि चौथ्याच्या जागी नुसती फट.

पुतणीनं खोक्यामागची बारीक अक्षरं वाचली.
आभार: व्हॅन उसनी देणाऱ्या पाववाल्याचे,
कुणा डेक्लनच्या आईचे, तिच्या जिन्याखालच्या खोलीसाठी,
आणि रात्रपाळीच्या डॉक्टर शिंट्रींचे,
सात टाक्यांबद्दल.

शिंट्री.
एका अक्षरानं चुकलेला आमचा डॉक्टर.

सत्त्याऐंशीत माझं बोट पॉवर प्रेसखाली गेलं.
सहकाऱ्यांनी फडक्यात गुंडाळून आणलं,
बोट आणि मी, एकाच रिक्षात.
डॉक्टर टाके घालताना तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते,
पायानं ठेका धरून.
मला वाटलं, रामरक्षा असेल,
म्हणजे काम अवघड दिसतंय.
दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं ऐकताना
माझा पाय तसाच हलायला लागला.
तेच होतं का? शपथेवर सांगता यायचं नाही.
वेदनेत माणूस काहीही ऐकतो.

बाईंना विचारून आलो.
म्हणाल्या, डब्लिनचं विचारलं की थंडी सांगायचे आणि बटाटे.
एवढंच.
मग थांबून म्हणाल्या,
‘वाजते का हो अजून?’

पुतणीनं मोबाईलवर पुष्कळ धुंडाळलं.
पाचशे प्रती काढल्या होत्या, दुसरी तबकडी कधी निघाली नाही.
एकजण मासे विकतो म्हणे, किंवा त्याच नावाचा दुसरा कुणी.
मला कुठं पत्र पाठवायचंय.
पाठवलं असतं तर एवढंच लिहिलं असतं,
की बोट बरं झालं का?
माझं हिवाळ्यात वाकत नाही.

सोमवारी मशिनं बंद असतात.
शटर अर्धं ओढून घेतो, चहा सांगतो,
सुई ठेवतो.
भिंतीपलीकडून पॅटर्नवाला पांडबा बोंबलतो,
‘सर्जा, बेअरिंग गेलंय बघ तुझं!’
जाऊ दे, म्हणतो मी,
अजून एक बाजू बाकी आहे.